तळहातावरची वाइन

निखिलने बाटली तिरकी केली आणि मी उजव्या हाताचा तळवा खोलगट करून पुढे धरला. टेबलावर पेला ठेवलेला होता, पण सकाळी पंचवटीत तीन देवळांत तीर्थ घेऊन झालं होतं, हात आपोआप पुढे गेला. निखिल हसला नाही. त्याने तळव्यावर चार थेंब ओतले. मी ते घेतले आणि रीतीप्रमाणे ओला हात डोक्यावरून फिरवला. शेजारच्या टेबलावरच्या मुंबईच्या जोडप्याने एकमेकांकडे पाहिलं आणि त्यांनीही तळवे पुढे केले.

आम्ही साताऱ्याहून नाशिकला आलो ते देवदर्शनाला, असं शेजाऱ्यांना सांगून. खरं काम निराळं होतं. आमच्या ऋचाने आपणच मुलगा ठरवला होता, शेतकी कॉलेजात तिच्या दोन वर्षं पुढे असलेला हा निखिल. घर, शिक्षण, स्वभाव, सगळं छान. फक्त नोकरी वाइनच्या कारखान्यात. दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षं झाली होती, नाशिकची वाइन पेपरात यायला लागली होती, पण आमच्या आळीत दारूला अजून दारूच म्हणत. "मी त्या जागी पाऊल टाकणार नाही," ही म्हणाली. "तुम्ही जा आणि मुलगा पितो का तेवढं बघून या. पीत असेल तर नाही म्हणून कळवायचं." ती धर्मशाळेत वाळत घातलेल्या कपड्यांपाशी बसली, मी रिक्षा केली.

गंगापूर रोड मागे पडला तसे द्राक्षांचे मांडव लागले. रिक्षावाला तिकडच्याच मळ्यातला निघाला. "तिथं मोठाल्या गाड्या येतात, काका. रिक्षानं तुम्हीच पहिले." वाइन कशी लागते विचारलं, तर म्हणाला, "द्राक्षं आमच्याच भावकीची हाय, पण आपल्याला नाय जमली. लय तुरट. आन् चकणाबी देत नाय."

तर तळव्यानंतर मी पेल्यावर आलो. खिडकीतून धरणाचं पाणी दिसत होतं. "आधी वास घ्या, काका. पेरू येतोय? थोडी ढोबळी मिरची?" मला द्राक्षं आली. पण इतक्या लांब येऊन द्राक्षांचा वास आला म्हणायची लाज वाटली. म्हटलं, "मिरची आहे. बिया काढलेली." त्याने गंभीरपणे मान हलवली. पुढच्या पेल्यांत लिची, जांभूळ, ओलं लाकूड. ओलं लाकूड चांगलं की वाईट, हे विचारायचं राहूनच गेलं.

दर बाटलीतला एक घोट तो स्वतः घ्यायचा, गुळणीसारखा तोंडात फिरवायचा आणि चिनी मातीच्या भांड्यात थुंकायचा.

"बिघडलीय का?" मी घाबरून विचारलं.

"नाही, उत्तम आहे. दिवसात तीस-चाळीस चाखाव्या लागतात, गिळून कसं चालेल? तुम्हीही थुंका."

थुंकायचं? होणाऱ्या जावयासमोर? आमच्याकडे पानात शीतसुद्धा टाकत नाहीत. मी पाचही पेले संपवले. मुंबईच्या बाईंनी अर्धा पेला भांड्यात ओतला तेव्हा जीव हळहळला, पण तिथे मी स्वतःला आवरलं.

"आणि घरी?" अखेर मी विचारलं.

"रविवारी जेवताना एक पेला," तो म्हणाला. "नाही म्हणालो असतो तर तुमचं काम सोपं झालं असतं, काका. पण ऋचाला माहीत आहे, तुम्हालाही असावं."

परतताना डोकं गरगरत होतं. त्यात वाइन किती आणि विचार किती, कळेना. दिवसभर थुंकणारा, रविवारी एक पेला घेणारा माणूस पिणाऱ्यांत धरायचा की न पिणाऱ्यांत?

दुपारच्या एसटीत हिला सगळं सांगितलं. तळवा, भांडं, रविवार, काही लपवलं नाही. सिन्नर मागे पडलं. मग जवळ सरकून तिने माझ्या केसांचा वास घेतला.

"तो थुंकतो, आणि विचारलं तर खरं सांगतो," ती म्हणाली. "ऋचाला हो म्हणून कळवा. घरात पिणारा कोण आहे ते कळलं मला. पोचल्यावर आधी डोक्यावरून आंघोळ करा, मग तिला फोन."