सिद्रामअप्पांची फुंकर

सिद्रामअप्पांना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते माझ्या यंत्राच्या नळीला तोंड लावून बसले होते. म्हटलं, झालं! म्हाताऱ्याला नवं यंत्र बघवत नाही, गुपचूप बिघडवून राहिलाय.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि दुसऱ्या वर्षीही पावसाचा पत्ता नव्हता. गावोगाव बोअर पाडणं चाललेलं. बोअरच्या गाडीचे खडक फोडणारे पोलादी बिट आमच्या भट्टीत कडक होत. भट्टीतला गॅस बिघडला की बिट मऊ राहतो आणि खडकावर झिजून जातो. तो गॅस तपासणारं यंत्र मालकांनी पुण्याहून आणलं, अन्‌ ते सांभाळायला मला नांदेडहून. अप्पा भट्टीचे मिस्त्री. कपाळाला भस्म, खांद्यावर टॉवेल आणि जगातल्या झाडून सगळ्या गोष्टींवर संशय. चहासुद्धा आधी हुंगून पीत.

"काय चाललंय अप्पा?" मी डाफरलो.

"फुंकून राहिलो. आपल्या श्वासात कार्बन डायऑक्साइड भट्टीपेक्षा लई असतो, सायब. काटा टोकाला जायाच पायजे. ह्येला माणसाचा श्वास वळखंना, तर भट्टीचा काय वळखंल?"

रोज सकाळी नळी सोडवायची, फुंकायचं, काटा उडाला की म्हणायचं, "आजच्यापुरतं बरूबर हाय." मला काही ते पटलं नाही. मी यंत्राच्या पेटीला चक्क कुलूप ठोकलं.

तीन दिवस काटा जागचा हलला नाही. गॅस एकदम स्थिर, असं मी रोज वहीत लिहिलं. मी खूश! चौथ्या दिवशी शिरूर अनंतपाळकडची बोअरची गाडी बिट न्यायला दारात उभी राहिली, आणि अप्पा तिच्या आडवे.

"तीन दिस काटा एका जागी? गॅस इतका गप बसत न्हाई."

"तुम्हाला माझ्यावरच शक आहे!"

"हाव, हाय. तिथं बायका घागरी घेऊन बसल्यात. बिट मधीच झिजला तर त्यांला काय, तुमची वही दावायची?"

त्यांनी एका बिटावर कानस ओढली. कडक पोलादावरून ती घसरते. इथं ती चावली, कीस खाली पडला. मी जाऊन पेटीचं कुलूप काढलं. अप्पांनी फुंकलं, काटा ढिम्म. नळी काजळीनं तुंबली होती.

मालक आले. कुणामुळे झालं, म्हणाले. माझी नोकरी अप्पांच्या जिभेवर होती.

"नळी तुंबली," अप्पा एवढंच बोलले. कुलूप मात्र उचलून त्यांनी बिट थंड करायच्या तेलाच्या हौदात टाकलं.

पुढं बरीच वर्षं आम्ही सोबत काढली. मग त्यांना खोकला लागला, दम पुरेना. एका सकाळी त्यांनी फुंकलं आणि काटा जेमतेम सरकला. अप्पांनी यंत्राकडं चोराकडं बघावं तसं बघितलं. नळी तपासली, पंप तपासला.

"तुमी फुंका."

मला कळून चुकलं होतं. मी मुद्दाम हलकंच फुंकलं.

"सायब, नीट फुंका."

काय करणार? फुंकलं. काटा थेट टोकाला गेला.

अप्पांनी नळी जागेवर जोडली, खुंटीवरचा टॉवेल घेतला.

"मशिन बरूबर हाय," म्हणाले आणि घरी गेले, ते परत आले नाहीत. 'आजच्यापुरतं' हा शब्द त्यांनी त्या दिवशी लावला नाही.