आठांतून पाच

बस डेपोच्या ड्युटी खिडकीवर ती अकरा वर्षं बसते आहे. उद्या कोणत्या गाडीवर कोण चालक, कोण कंडक्टर, हे दुपारी चारला फळ्यावर लागतं. चार वाजून पाच मिनिटांनी खिडकीशी भांडणं सुरू होतात.

"बाई, माझी जोडी का फोडलीत?"

"तुमच्या कंडक्टरची दाढ काढलीय. रजेवर आहे."

"मग मलाही रजा द्या."

"आधी दाढ काढून या."

चालकावर आरोपपत्र आलं की उत्तर तीच लिहून देते. चौकशीच्या खोलीत मात्र तिला प्रवेश नाही. तिथे भलताच कोणी उभा राहतो आणि तिचा कागद धड न वाचता नुसता पुढे सरकवतो. एकोणचाळिसाव्या वर्षी तिने वकील व्हायचं ठरवलं ते याच रागातून. प्रवेश परीक्षेत पहिल्या वर्षी ती चार गुणांनी राहिली. या वर्षी जूनमध्ये बदली होती, आणि बदलीच्या गावी लॉ कॉलेज नाही. संध्याकाळच्या कॉलेजचं प्रवेशपत्र मेअखेर दाखवलं, तरच बदली तीन वर्षं पुढे जाणार होती. ही संधी शेवटचीच.

ते चार गुण एकाच तऱ्हेच्या कोड्यात गेले होते. आठ जणांतून पाच निवडायचे, सोबत चार-पाच अटी. गवंडी घेतला तर सुतार घ्यावाच लागेल, वगैरे. प्रश्न आला: सुतार घेतला आहे, तर आणखी कोण नक्की आहे? तिने बेधडक गवंड्यावर खूण केली.

तिची धाकटी नणंद वकिलाकडे ज्युनिअर आहे. तिने डोक्याला हात लावला.

"वहिनी, गवंडी आला तर सुतार येतो. सुतार एकटा आला तर तुझं काय बिघडलं?"

"एकटा कसा येईल? जोडी आहे ना त्यांची!"

"कोणी लावली जोडी? तूच ना? अगं, ही डेपोची माणसं नाहीत. कागदावर जेवढं आहे तेवढंच खरं."

अकरा वर्षांची सवय चार महिन्यांत मोडायची होती. जेवणाच्या सुट्टीत डबा एका हाताने खात ती कोडी सोडवायची. प्रत्येक अटीसाठी कागदावर एकच बाण, 'हा आला तर तो' अशा एकाच दिशेला. उलटा बाण काढायला हात शिवशिवला की पेन खाली ठेवायचं. घरी टेबलाखाली तिचा पाय इतका हलायचा की नणंद पाण्याचा पेला उचलून हातात धरायची. "परीक्षा तुझी आहे," ती म्हणायची, "भूकंप आम्हाला का?"

परीक्षेत शेवटचं कोडं नाटकमंडळीचं होतं. सात जणांतून चौघे दौऱ्यावर न्यायचे. तिने भराभर बाण काढले, पाच उत्तरांचे गोल भरले. सहाव्या प्रश्नाला दोन पर्याय बरोबर येत होते. पुन्हा मांडून पाहिलं, तरी दोन. शेजारचा मुलगा पेपर मिटून खिडकीबाहेर बघत होता. बरोबर उत्तर एकच असतं. म्हणजे एखादी अट निसटली होती.

ती पहिल्या ओळीपासून परत वाचत गेली. तिसरी अट होती: नट आणि वादक दोघेही जातील, नाहीतर दोघेही जाणार नाहीत. तिने बाण काढला होता एकच, नटाकडून वादकाकडे. चार महिने घोटलेल्या हाताने खरीखुरी जोडी फोडली होती.

सात मिनिटं उरली होती. तिने उलटा बाण काढला, पाचही उत्तरं पुन्हा तपासली आणि त्यांतली तीन खोडली. रबराने कागद एका जागी विरला. शेवटचा गोल भरताना पर्यवेक्षकाचा हात उत्तरपत्रिकेवर आला होता.

निकाल लागेपर्यंतच्या एकोणीस दिवसांत तिने फळ्यावर दोनदा एकाच चालकाला दोन गाड्यांवर लावलं. प्रवेशाची सीमारेषा गेल्या वर्षीपेक्षा दोन गुणांनी वर गेली होती. ती तीन गुणांनी आत होती.

प्रवेशपत्र घेऊन ती व्यवस्थापकांच्या टेबलासमोर उभी राहिली. त्यांनी ते दोनदा वाचलं. "बदली थांबेल," ते म्हणाले. "पण कॉलेज सहाला, आणि तुमची ड्युटी सातपर्यंत. ते कसं करणार?"

"सकाळच्या पाळीचा अर्ज खाली जोडलाय," ती म्हणाली. "सही आत्ताच केलीत तर बरं."

त्यांनी खुर्ची दाखवली. सही होईपर्यंत ती बसली नाही.