नख वाढून राहिलंय

हार्टवाल्याचा किस्सा असला की चार माणसं माना डोलावतात. नखाचा काढला की नवरासुद्धा म्हणतो, "जेवू दे की!" वसमतच्या एका दवाखान्यात बारा वर्षं मी पायांचं ड्रेसिंग करतेय. किस्से साचणार नाहीत तर काय?

हळदीच्या कामावरची एक बाई अंगठ्याचं जाड, पिवळं नख घेऊन आली. "हळद हाय, जाईल," म्हणून वर्षभर घासलं होतं. हळद गेली, पिवळेपणा राहिला! फंगस निघाला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पाय कोरडे ठेवायला सांगितलं. कित्येक महिन्यांनी मुळातून स्वच्छ गुलाबी नख सरकत आलं. मला वाटलं, बाई खूश होईल. ती टक लावून बघत राहिली. "सिस्टर, हे माझं न्हाई. आतून दुसरंच कोणी येऊन राहिलं!"

पोलीस भरतीची तयारी करणारी एक पोरगी लहान बुटात धावायची. नख काळं पडलं आणि एक दिवस सॉक्समध्येच सुटलं. माचिसच्या डबीत घालून आली. "मॅडम, बसवून द्या. परवा ग्राउंड हाय!"

हट्टा गावचे एक मास्तर अंधश्रद्धेवर भाषणं द्यायचे. नख गोल कोरून कापायची सवय, त्यामुळे कोपरा मांसात रुतलेला. रांगेतली एक म्हातारी करणीच्या भीतीनं आपली नखं कागदात बांधून नेत होती, तिला हे पोट धरून हसले. त्यांचा कोपरा डॉक्टरांनी काढला. दुसऱ्या दिवशी शटर उघडायच्या आधी मास्तर हजर! "माझा तुकडा कुठंय?"

"कचऱ्याची गाडी घेऊन गेली."

मास्तरांचा चेहरा उतरला. हळूच म्हणाले, "ड्रायव्हर ओळखीचा हाय का?"

शुगरमुळे पाय बधिर झालेल्या एका रिटायर्ड कंडक्टर मामांना मी बजावलं होतं, ब्लेड लावायचं नाही, पाय रोज बघायचे. त्यांनी भरदुपारी ब्लेडनंच नखं कापली आणि पाणी प्यायला उठले. परत फिरले तर फरशीवर रक्ताची पावलं! "घरात कोण शिरलं?" काठी घेऊन मामा मागावर निघाले. ते थांबले की पावलं थांबायची, निघाले की निघायची. शेवटी मामी किंचाळल्या, "अहो, तुमचाच पाय हाय!"

आता शिरड शहापूरचे मेंढपाळ आजोबा. शुगरनं सडलेला उजव्या पायाचा अंगठा नांदेडला काढून टाकलेला. जखम छान भरली, तरी लंगडत यायचे. "नख वाढून राहिलंय. शेजारच्या बोटात घुसतंय."

"बाबा, अंगठाच न्हाई, तर नख कुठलं?"

"ते मला म्हाईत हाय, पोरी. त्याला म्हाईत न्हाई."

डॉक्टरांनी समजावलं, बोट गेलं तरी मेंदूला आठवण राहते. गोळ्या दिल्या. फरक पडला नाही. तिसऱ्या खेपेला आजोबा रडायलाच लागले. "सोमवारी येपारी येऊन राहिला. मला चालता आलं न्हाई तर पोरगं मेंढरं इकणार. एकडाव काप तर खरं!"

मला फार वाईट वाटलं. म्हाताऱ्याचं मन राखावं म्हणून कटर घेतलं आणि मोकळ्या जागेत धरलं. "इथं?"

"जरा डावीकडं. हां, तिथंच."

दाबलं. कटर मिटेना. मधे काहीतरी जाड होतं. दोन्ही हातांनी जोर लावला, तेव्हा कट् करून आवाज आला.

"सुटलं!" आजोबांनी लांब श्वास सोडला, वहाणा घातल्या आणि न लंगडता एसटी स्टँडकडं निघून गेले.

सोमवारी व्यापारी मेंढरं न घेताच परतला म्हणे.