गुडघ्यातली जुनी फाट

आधी त्याचं नाव सांगतो. सुभाष, फौजेत नाईक हुद्द्यावर, हिंगोलीकडल्या पुसेगावचा. आज मी फौजेतून सुटून घरापासून लांब, परराज्यात एका कारखान्याच्या गेटवर आठ तास उभा राहतो, तो त्याच्यामुळं. दहावीतच शाळा सुटली माझी, लिहायची सवय नाही. जमेल तसं सांगतो.

डोंगरातल्या पोस्टवर मी हवालदार होतो, वय एक्केचाळीस. सुभाष आणि मी दोघंच हिंगोलीकडचे. माझा उजवा गुडघा उतारावर मधेच अडकायचा. वाकलेला पाय सरळच व्हायचा नाही. झटका देऊन सोडवायचो. हे फक्त सुभाषला माहीत.

"उस्ताद, एमआय रूमला डॉक्टरकडं काहून जात न्हाई?"

"मेडिकल कॅटेगरी खाली गेली की नायब सुभेदारीचं प्रमोशन गेलं."

"मंग खांद्यावर स्टार लावून लंगडत फिरा. आमच्याकडचा बैल बरा, लंगडला तर बसतो तरी."

कुणाला सांगू नको म्हणून त्याला शपथ घातली. त्यानं ती पाळली.

त्या दिवशी ०६०० ला पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, निघाली. परतीला १४१० ला नाला ओलांडायचा होता. वरून दगड सुटायचे, म्हणून ऑर्डर होती: एकेकानं पळत जायचं, मधे थांबायचं नाही. सुभाष पार झाला. मग मी निघालो. अर्ध्यात गुडघा अडकला.

सुभाष माघारी वळला.

"तिकडंच थांब!"

"गुमान खांदा धरा, उस्ताद."

काठाशी आलो तेव्हा वर आवाज झाला. त्यानं मला पुढं ढकललं. तो मागं राहिला, दगडांखाली.

रेडिओवर मीच बोललो. "वन कॅज्युअल्टी, सीरियस. ओव्हर."

"कॉज? ओव्हर."

"रॉकफॉल. ओव्हर."

हेलिकॉप्टर यायच्या आत सुभाष गेला.

माझा गुडघा त्याच दगडांत गेला, असं सगळ्यांनी धरलं. मी नाही म्हणालो नाही. मिलिटरी हॉस्पिटलात सर्जन मेजर मॅडमनी एमआरआय बघितला. मेनिस्कस, म्हणजे गुडघ्यातली गादी, फाटली होती. या वयात बहुतेकांचा फाटका भाग कापून काढावा लागतो म्हणाल्या. माझी फाट बाहेरच्या कडेला होती, तिथं रक्त पोचतं, म्हणून दुर्बिणीतून टाके घालून शिवणार होत्या. मग माझ्याकडं बघून विचारलं, "चोट पुरानी है, हवालदार. कब से?"

मी उलट विचारलं, "ऑपरेशन कब है, मॅडम?"

ऑपरेशननंतर सहा आठवडे कुबड्या. सहा महिने मांडी घालायची नाही. कुबड्यांवर होतो तेव्हा सुभाषच्या मायचा फोन आला.

"लेकरा, गुडघा कसा हाय? चालून राहिला का?"

तिचं पोरगं गेलेलं, आणि विचारून राहिली माझा गुडघा. गावच्या माणसाबरोबर करडईच्या तेलाची बाटली धाडली, चोळायला. मी म्हणालो, "मांडी घालता आली की येतो, माय."

मांडी घालता येऊन वर्ष झालं. बाटलीचं झाकण अजून उघडलेलं नाही.

सुभाष, तू पार झाला होतास. मी मायसमोर मांडी घालून बसेन आणि तिला हेच सांगेन: तू पार झाला होतास, माघारी आलास तो माझ्या लपवलेल्या गुडघ्यासाठी. मग ती घरात ठेवो की हाकलून देवो. तुझं एवढं तरी मी फेडीन.