जाड कातरलेली सुपारी

दिग्गी गावच्या उमाजीचा शब्द त्याच्या घरात शेवटचा, असं गाव मानायचं आणि त्याची सोळा वर्षांची लेक भाग्यलक्ष्मीही मानायची. कुणी काही मागायला आलं की तो हनुवटी खाजवत ऐकून घ्यायचा आणि पान खाता खाता निकाल द्यायचा.

पानाचं तबक आतून तिची आई सुंदरी पाठवायची, बाहेर न्यायची भाग्या. यंदाच्या उन्हाळ्यात कुठे तिच्या डोक्यात उजेड पडला. आईने सुपारी कातरून पाठवली की बा 'व्हय' म्हणतो. अख्खी सुपारी आणि अडकित्ता पाठवला की कातरत बसतो आणि 'बघू' म्हणतो, आणि त्या 'बघू'चं पुढे काही म्हणजे काही होत नाही. म्हणजे बा नुसता बोलायचा धनी! तिला हसू आलं, रागही आला.

दहावीचा निकाल लागला आणि रामनगरची शकुंतला आत्या तिला कॉलेजसाठी आपल्याकडे न्यायला आली. भाग्याचा जीव टांगणीला लागला. आईने तबक हातात दिलं, त्यात अख्खी सुपारी आणि अडकित्ता.

दाराआड थांबून भाग्याने ती कातरली आणि अडकित्ता ओढणीत लपवला. उमाजीने एक फोड उचलली, बोटांत फिरवली, तोंडात टाकली.

"ने तिला," तो बहिणीला म्हणाला.

आता आई भडकणार, बाला खरं सांगणार, असं भाग्याला वाटलं. पण सुंदरीने तिचे कपडे धुऊन वाळत घातले.

"तुझ्या बानं शब्द दिला. हितं माझं कोण ऐकतंय?"

भाग्या चक्रावली. गोठ्यात पेंढा टाकायला गेली, तर उमाजीच म्हणाला, "तुझी आई सुपारी पाकळीवाणी कातरती. ती ढेकळं तुझी."

"मग व्हय का म्हणलास?"

तो बैलाची पाठ खाजवत राहिला. "तिच्यानं जा म्हणवत न्हाई. माझ्यानंबी न्हाई. तू कातरलीस, बरं झालं."

सकाळी आत्याची निघायची वेळ झाली. भाग्याने रात्री गुपचूप फळीवर परत ठेवलेला अडकित्ता सुंदरीने उचलला आणि लेकीची पिशवी भरताना कपड्यांच्या तळाशी घातला.

"बारीक कातरायला शिक," ती म्हणाली आणि चुलीकडे वळली.

उमाजी दारात उभा होता. भाग्याला रडू फुटलं. "जाऊ मी?" तिने विचारलं, पण कुणाकडे बघून विचारायचं तेच तिला कळेना.