चाचांची चिमटी

कापड समोर आलं की चाचा आधी डोळे मिटून घ्यायचे. मग कापडाचं टोक अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून हळूहळू चोळायचे आणि निकाल द्यायचे, "हे झोपाळू हाय सर. याच्या चुण्या उभ्या नाई राह्यत."

अमरावतीच्या इतवाऱ्यात त्यांचं शिलाईचं दुकान होतं. एक मशीन, एक कोळशाची इस्त्री, बस. मी एका शाळेत बँड शिकवायचो. आमचा बँड मशकबाजाचा, म्हणजे स्कॉटिश बॅगपाइपचा, म्हणून पोशाखही तसाच, लोकरी चौकड्याचा, गुडघ्यापर्यंत, मागे चुण्याच चुण्या. पोरं त्याला घागरा म्हणायची आणि घालायला लाजायची. तो शिवायला तयार झालेला माणूस मला साऱ्या गावात एकच भेटला. नमुना उलटासुलटा करून चाचा म्हणाले, "बाईचा घागरा कोनीबी शिवते. हा मर्दाचा हाय, हा जरा नखरेल असते."

मला वाटायचं, चौकडा तो चौकडा. चाचांनी माझं अज्ञान दूर केलं. धागा तोच, रंग तोच, पण गिरणीत कापडावर शेवटचा हात कसा फिरला त्यावर त्याचा स्वभाव ठरतो. एखाद्यावर लव उठवलेली असते. ते हाताला गोड लागतं, पण चौकड्याच्या रेषा पुसट होतात आणि चुण्या लवकर ढिल्या पडतात. दुसरं साफ, कोरडं, थोडं खरखरीत. त्याची रेष न् रेष दिसते, चुणी घडी घातल्यासारखी राहते आणि पोरगं वळलं की घागरा त्याच्या मागून डौलात वळतो. तिसरा प्रकार लबाड. मुळात ढिलं कापड, नुसतं दाबून चकचकीत केलेलं. "डोयाले ते दिसत नाई. चिमटीलेच समजते."

तरी चिमटीवरही त्यांचा सगळा भरवसा नसे. नवं कापड ते ओल्या चादरीत गुंडाळून ठेवायचे, मग सावलीत वाळवायचे. त्यात दोन-तीन दिवस जायचे. मी कुरकुर केली की ठरलेलं उत्तर, "पह्यले आंघोय, मंग कैची. त्याले जे नाटक करायचं ते माह्या दुकानात करू द्या, मैदानात नोको."

एका वर्षी अकोल्याला शाळांच्या बँडची स्पर्धा होती. जुन्या घागऱ्यांना कसर लागलेली. मुख्याध्यापकांनी बजावलं होतं, यंदा नंबर आला नाही तर बँड बंद. त्यात पंजाबातून मागवलेलं कापड उशिरा आलं. बारा घागरे शिवायचे आणि दिवस थोडे. मी म्हणालो, "चाचा, या खेपेला आंघोळ राहू द्या. तुमची चिमटी काय म्हणते तेवढं सांगा."

त्यांनी डोळे मिटले. नेहमीपेक्षा बराच वेळ चोळत राहिले. "चांगलं हाय," म्हणाले. त्यांच्या तर्जनीवर रक्ताचा थेंब होता. सुई टोचली होती आणि त्यांना पत्ताच नव्हता. मी सांगितल्यावर त्यांनी तो सदऱ्याला पुसला. एवढं डोळ्यांसमोर घडूनही माझ्या टाळक्यात उजेड पडला नाही.

अकोल्याच्या मैदानावर आमची पोरं उतरली तेव्हा देखणी दिसत होती. अर्ध्या चालीत पावसाची भुरभुर सुरू झाली. कापडाची चकाकी गेली आणि एकेक चुणी उघडत गेली. शेवटच्या सलामीला बारा पोरांच्या कमरेला बारा पोती लोंबत होती. लोक हसले. पोरांनी वाजवणं थांबवलं नाही. चाचा मैदानाच्या कडेच्या दोरीपाशी उभे होते. खिशात सुई-दोरा घेऊन आले होते, वेळप्रसंगी टाका घालायला.

परतीच्या एसटीत मूर्तिजापूर गेल्यावर ते बोलले. "सर, मले शुगर हाय. दोन साल झाले, बोटाले काई समजूनच नाई राह्यलं."

"मग सांगितलं का नाही चाचा?"

"सांगतलं असतं त माह्यापाशी काय राह्यलं असतं?"

त्यांनी पोरांची माफी मागितली. मुख्याध्यापकांकडे जाऊन चूक आपली म्हणून सांगितलं. आंघोळ मी घालू दिली नाही, हे मी तिथे उभा असूनही बोललो नाही. याची लाज मला आजही वाटते. बँड बंद झाला. चाचांनी पुन्हा कैची उचलली नाही. दुकानाच्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

ते गेले त्याच्या महिनाभर आधी मी घरी भेटायला गेलो होतो. त्यांनी शिवलेला अगदी पहिला घागरा मी जपून ठेवला होता, तो सोबत नेला. त्याच्या चुण्या अजून तशाच उभ्या होत्या. त्यांची नजरही जवळजवळ गेली होती. मी तो हातात दिला. चाचांनी डोळे मिटले आणि चोळत राहिले, चोळत राहिले.

"झोपाळू हाय का हो सर?"

"नाही चाचा. अस्सल आहे. तुमच्याच हातचा."

"तुमी म्हणता त असीन," ते म्हणाले आणि घागरा मला परत दिला. स्पर्धेच्या कापडाच्या वेळीही त्यांनी माझंच ऐकलं होतं.