लेकीच्या गावची नहर

रोहिणखेडकडची नहर (जुना दगडी कालवा) पाहायला जातो, असं सांगून मी खामगावहून मोटारीत बसलो. खरं म्हणजे लेकीला पाहायचं होतं. बायको गेल्यापासून दोन वर्षं मी एकटाच जेवतो. निवृत्त मास्तराशी गप्पा मारायला कुणाला सवड नसते.

पण वेणूच्या घरी मी कधी जेवलो नव्हतो. लेकीला मूल होईपर्यंत आईबापानं तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही आमची रीत. तिच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती.

मोताळ्याहून दमणी (हलकी बैलगाडी) केली. धक्क्यांनी हाडं खिळखिळी झाली. नहर मात्र देखणी. कित्येक वर्षं ती गाळानं बुजली होती; गावानं गाळ उपसला, फटींत चुना भरला आणि ती पुन्हा वाहती केली. आता नागपूरहून बदलून आलेले कचेरीतले साहेबही इथं हवा खायला येतात. चिंचेखाली दोन-तीन बिऱ्हाडं रोडगे (गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजलेले कणकेचे गोळे) भाजत होती. सगळे घोळक्यानं आलेले, एकटा मीच.

मी आल्याचं कळताच वेणू डोक्यावर रोडग्यांची पाटी घेऊन आली. "बाबा, इथं जेवा. हे काई माह्यं घर नाई."

"पीठ तर तुह्याच घरचं ना?"

"शेजारच्या काकूनं देल्लं. तूपबी तिचंच."

वकिलालाही हे सुचलं नसतं. मी पोटभर जेवलो, दोन रोडगे जास्तच. पानं उचलता उचलता वेणू थांबली.

"बाबा, मले लेकरू झालंच नाई, तं? जन्मभर असंच बाहीर जेवाचं काय?"

उभा जन्म मी पोरांकडून उत्तरं पाठ करून घेतली. आता खाली वाकून लेकीसोबत पानं उचलू लागलो.

उन्हं कलल्यावर वेणूसोबत परत निघालो. वाट तिच्या दारावरूनच होती. विहीणबाई ओसरीवर बसल्या होत्या. त्यांनी पाणी विचारलं नाही. मला अडचणीत टाकायचं नाही, एवढाच त्यांचा हेतू. मी जोडे काढून ओसरीवर चढलो.

"वेणू, तांब्याभर पाणी दे."

विहीणबाई गडबडल्या. "मास्तर, तुमची रीत..."

"रीत बापाची हाय, इहीणबाई. मोडालेबी बापच पाह्यजे."

वेणूनं तांब्या आणून दिला. मी तो तिच्यासमोर रिकामा केला.

खामगावचं घर होतं तसंच रिकामं होतं. पण त्या एकटेपणाचं मला यावेळी फारसं वाटलं नाही. वाईट वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. एवढं साधं पाणी मागायला मी नऊ वर्षं लावली, आणि वेणूची आई ते न पिताच गेली.